ताऱ्यांच्या घटलेल्या उजेडातून धूलिकणांचं माप कसं काढतात?

तळवलीत गच्चीवरून पाहिलं तर उगवता चंद्र बऱ्याचदा तांबूस दिसतो, कारण वाटेतली हवा निळा प्रकाश जास्त विखुरते. ताऱ्यांमधली धूळही तेच करते. रॉबर्ट ट्रम्पलर यांनी १९३० मध्ये तारकागुच्छांवरून हे पक्कं दाखवलं. ही धूळ हिशोबात धरली नाही, तर तारा आहे त्यापेक्षा लांब वाटतो आणि अंतरांचं सगळं गणित बिघडतं.

मोजायचं कसं? एकाच प्रकारचे दोन तारे घ्यायचे, एक धुळीमागचा आणि एक मोकळा. कोणत्या तरंगलांबीला किती प्रकाश घटला, याचा आलेख म्हणजे विलोपन वक्र. अवरक्तात घट कमी, निळ्यात जास्त, अतिनीलात आणखी जास्त. २१७.५ नॅनोमीटरजवळ तर चक्क एक उंचवटा येतो, तो बहुधा ग्राफाइटसारख्या कार्बनचा. तरंगलांबीपेक्षा खूप मोठा कण सगळे रंग सारखेच अडवतो. म्हणजे वक्र अतिनीलाकडे चढतोय, तर बारीक कण असलेच पाहिजेत.

गोल कण किती प्रकाश अडवेल, हे गुस्ताव मी यांच्या १९०८ च्या सिद्धांतातून निघतं. तो वापरून मॅथिस, रम्पल आणि नॉर्डसीक यांनी १९७७ मध्ये ग्राफाइट व सिलिकेटचं मिश्रण वक्राशी जुळवलं. साधारण ०.००५ ते ०.२५ मायक्रॉनचे कण, आणि संख्या त्रिज्येच्या −३.५ घाताने घटणारी. त्रिज्या दुप्पट, की संख्या सुमारे ११ पट कमी. तरी बहुतेक वजन मोठ्या कणांतच!

पण खरे कण गोल कशाला असतील? पुण्याच्या आयुकातले रंजन गुप्ता यांनी डी. बी. वैद्य आणि इतर सहकाऱ्यांसोबत सिलिकेटमध्ये ग्राफाइट मिसळलेले संमिश्र कण तपासले. यात कण म्हणजे द्विध्रुवांची जाळी, आणि प्रत्येक द्विध्रुव बाकी सगळ्यांवर परिणाम करतो. १०,००० द्विध्रुवांचं पूर्ण मॅट्रिक्स साठवायला १४ जीबीच्या वर मेमरी लागेल, म्हणून ते न साठवता एफएफटीने काम भागवतात. (माझ्या लॅपटॉपने इथेच हात टेकले असते.)

खरी अडचण वेगळीच आहे. वेगवेगळी मिश्रणं जवळपास तोच वक्र देतात. मग निवड करायला दुसरा निकष लागतो, तो म्हणजे आकाशगंगेत उपलब्ध असलेला कार्बन. नुसत्या ग्राफाइट-सिलिकेट गोळ्यांना तो जास्त लागतो. संमिश्र कणांचं कमी कार्बनवर भागतं, पण तेवढाही कार्बन धुळीसाठी शिल्लक आहे का, यावर वाद आहेच.