जळलेली साखर आणि आपला प्रश्न



कोरड्या कढईत साखर मंद आचेवर ठेवली की ती विरघळते, सोनेरी होते, मग तांबूस होते, आणि जरा दुर्लक्ष झाले की काळी आणि कडू. त्या मधल्या तांबूस टप्प्याला हल्ली मुली कॅरॅमल म्हणतात. आपल्या बारामती-इंदापूरकडे हा टप्पा ओळखणारा जुना जाणकार म्हणजे गुऱ्हाळावरचा गुळव्या.

१८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा वाहू लागला आणि आपल्या कोरड्या रानात ऊस वाढला. उसामागून गुऱ्हाळे आली. काहिलीतल्या रसाचा थेंब गुळव्या गार पाण्यात टाकायचा, बोटांनी गोळी वळायचा आणि ती कितपत घट्ट झाली यावरून काहील उतरवायची वेळ ठरवायचा. जाळ जास्त झाला तर गूळ काळपट होऊन भाव पडायचा. त्याची प्रयोगशाळा ती एवढीच.

घरातही तपासणी होतीच, फक्त तिला आपण मर्यादा म्हणतो. दिगंबर घरांत बुऱ्याची म्हणजे पिठीसाखरेची मर्यादा हिवाळ्यात एक महिना, उन्हाळ्यात पंधरा दिवस आणि पावसाळ्यात सात दिवस. हवेतला ओलावा वाढला की साखर पाणी धरते आणि त्यात जीव पडायला वेळ लागत नाही. पुढे कारखान्यातला केमिस्टही याच ओलाव्याचा टक्का काढू लागला. दोघांची कारणे वेगळी, नजर मात्र एकाच गोष्टीवर.

मग पांढरी साखर आली आणि तिच्यासोबत शंका आली. युरोपातल्या रिफायनऱ्यांत साखरेचा पिवळेपणा काढायला जनावरांच्या हाडांचा कोळसा वापरत. स्वदेशी चळवळीच्या काळात परदेशी साखर टाळण्यासाठी हे एक मोठे कारण सांगितले जाई, आणि अहिंसा पाळणाऱ्या घरांना ते वेगळे पटवून द्यावे लागण्यासारखे नव्हते.

१९३२ साली देशी साखरेला सरकारी संरक्षण मिळाले आणि कारखाने भराभर उभे राहिले. इंदापूर तालुक्यातल्या कळंबला ज्यांनी उसाची शेती आणि कारखाना उभारला, ते वालचंद हिराचंद सोलापूरच्या दिगंबर जैन घराण्यातले. त्यांच्या नावाने ते गाव वालचंदनगर झाले. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती हे सहकारी कारखाने पुढचे. आपल्याकडच्या बहुतेक कारखान्यांत रस साफ होतो तो चुना आणि गंधकाच्या धुराने; हाडांचा कोळसा त्यात येत नाही. गंधकाचा अंश साखरेत उरतो म्हणून त्याला मर्यादा आहे: दहा लाख भागांत ७०.

गंमत अशी की साखर कारखान्यात कॅरॅमल हा दोष आहे. रस उघड्या काहिलीत आटवला तर साखर करपते, म्हणून तो हवा काढून घेतलेल्या बंद भांड्यात ६०-७० अंशांच्या आसपास शिजवतात. ही युक्ती एडवर्ड हॉवर्ड या इंग्रजाची, १८१३ च्या सुमाराची. साखर किती पांढरी झाली हे ठरवायला कानपूरच्या राष्ट्रीय शर्करा संस्थेकडून नमुन्याच्या सीलबंद बाटल्या येतात. आपण दुकानात एम-३० किंवा एस-३० मागतो त्यातले अक्षर दाण्याच्या आकाराचे आणि आकडा रंगाचा.

वालचंदशेठांच्याच दुसऱ्या ठिकाणी हाच तांबूसपणा हवाहवासा झाला. नाशिक जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात (आपले माळेगाव नव्हे) रावळगावला १९३३ साली त्यांनी साखरेचा उद्योग काढला आणि १९४२ पासून तिथे गोळ्या-चॉकलेटे होऊ लागली. टॉफीचा रंग आणि खमंगपणा साखर आणि दूध एकत्र तापवल्याने येतो. टॉफीच्या कारखान्यातला केमिस्ट ओलावा मोजतो, कारण तो वाढला की टॉफी कागदाला चिकटते. आम्लात न विरघळणारी राख मोजतो, म्हणजे वाळू-खडा किती ते कळते. शिसे तपासतो.

आता पाकिटातले कॅरॅमल. कोला, सॉस, ब्राऊन ब्रेड यांचा रंग पुष्कळदा कॅरॅमलचाच असतो. त्याचे चार प्रकार, १५०ए ते १५०डी. पहिला बराचसा आपल्या कढईतला. तिसऱ्या-चौथ्यात अमोनिया वापरतात. त्यातून ४-मेथिलइमिडाझोल नावाचा पदार्थ तयार होतो. उंदरांवरच्या प्रयोगांत त्याने फुप्फुसात गाठी आल्या, म्हणून कॅलिफोर्नियाने २०१२ साली रोजचे २९ मायक्रोग्रॅम ही इशाऱ्याची पातळी ठरवली आणि त्याच वर्षी मोठ्या कोला कंपन्यांनी तिथल्यासाठी रंग बदलून घेतला. इतका सूक्ष्म अंश डोळ्यांना किंवा जिभेला कळणे शक्य नाही. त्याला यंत्रच लागते. आपल्या कायद्यात मात्र कॅरॅमल ‘नॅचरल कलर’मध्ये मोडते. अमोनियासोबत शिजवलेल्या साखरेला नैसर्गिक म्हणणे मला तरी जड जाते.

१९५४ चा भेसळ प्रतिबंधक कायदा आणि नंतरचा २००६ चा अन्नसुरक्षा कायदा यांनी नमुने घेणे, तपासणे, दंड करणे हे सारे घालून दिले. पण आपला प्रश्न थोडा वेगळा आहे. हे खाल्ल्याने अपाय होईल का, याचे उत्तर प्रयोगशाळा देते. हे कशापासून आले, याचे उत्तर ती दर वेळी देऊ शकत नाही. टॉफी मऊ राहावी म्हणून घालतात ते ४७१ वनस्पती तेलापासूनही होते आणि जनावरांच्या चरबीपासूनही. तयार झाल्यावर त्यातला फरक तपासणीत सहज सापडत नाही. तिथे बनवणाऱ्याच्या लेखी सांगण्यावरच हिरवा ठिपका उभा असतो.

म्हणून ९ डिसेंबर २०२१ चा दिल्ली उच्च न्यायालयाचा आदेश आपल्या कामाचा. घटक कितीही थोडा असो, तो वनस्पतीचा की प्राण्याचा हे नुसत्या आकड्याने नव्हे तर शब्दांत सांगा, असे न्यायालयाने म्हटले. पर्युषणाआधी सामान भरताना पाकिटाची मागची बाजू वाचायची ती यासाठी: १५० नंतर कोणते अक्षर आहे ते पाहायचे, आणि ४७१ दिसले तर त्यापुढे काही लिहिले आहे का तेही.