कटआउटचा वंश

डायनामोवर चालणाऱ्या जुन्या जीपचं बॉनेट उघडलं की आत एक काळी डबी दिसायची. इंजिनाला रेस दिली की डबीत ‘टक्’ व्हायचं, रेस सोडली की पुन्हा ‘टक्’. मेकॅनिक लोक त्याला ‘कटआउट’ म्हणत. आजच्या बीएमएसमधल्या, म्हणजे बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटमधल्या, चार्ज-डिस्चार्ज स्विचांचा हा पणजोबा.

इंजिन मंदावलं की डायनामोचं व्होल्टेज बॅटरीपेक्षा खाली येतं आणि वीज उलटी वाहू लागते. ती अडवायला कटआउट. त्याच्या लोखंडी गाभ्यावर दोन गुंडाळ्या असत. बारीक तारेची व्होल्टेज बघे, जाड तारेतून चार्जिंगचा करंट जाई. करंट उलटला की जाड गुंडाळी बारकीच्या विरोधात जायची, चुंबक ढिला पडायचा आणि स्प्रिंग पॉइंट उघडायची.

1960च्या दशकात डायनामोच्या जागी अल्टरनेटर रुळला. त्यातल्या सिलिकॉन डायोडांनी उलटी वाट मुकाट्याने बंद केली आणि कटआउट भंगारात गेला.

1991 मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. तिला धोका दोन्हीकडून. सेल 4.2 व्होल्टच्या फार वर चढवला तर आत लिथियम धातू साचतो. फार खाली उतरवला तर तांब्याची पत्री विरघळू लागते. म्हणजे येण्याचं दार वेगळं, जाण्याचं वेगळं हवं. हे काम मॉसफेट या ट्रान्झिस्टरकडे आलं. 1959 मध्ये बेल लॅब्जमध्ये अटाला आणि कांग यांनी घडवलेल्या या घराण्याच्या पॉवर मॉसफेटला एक अंगभूत खोड आहे: त्याच्या पोटात डायोड असतो, त्यामुळे बंद असतानाही एका दिशेने वीज जातेच. म्हणून दोन मॉसफेटना पाठीला पाठ लावून बसवलं. खोडच कामी आली! बॅटरी भरून चार्जचं दार बंद झालं, तरी त्याच्या डायोडमधून वापरापुरती वीज बाहेर पडते.

शेकडो अँपियरच्या पॅकमध्ये मात्र बहुधा दार बीएमएसच्या कार्डाबाहेर जातं. बीएमएस नुसता हुकूम सोडतो, उघडझाप कॉन्टॅक्टर करतो. त्याला दिशा कळत नाही. म्हणून सोलरच्या बॅटरी बँकेत चार्जरच्या लाइनीवर एक आणि लोडच्या लाइनीवर दुसरा बसवतात. इलेक्ट्रिक गाडीत कॉन्टॅक्टर पूर्ण जोडण्याआधी रेझिस्टरमधून थोडा करंट सोडतात, नाहीतर पहिल्याच लोंढ्याने पॉइंट चिकटतात.

अशी गाडी सुरू करताना खालून ‘टक्... टक्’ येतं ना, ते या कॉन्टॅक्टरांचंच. डायोडने गप्प केलेला आवाज पणतवंडाने परत आणला.