नोंदवहीतील नाव : वाशीची बाजारपेठ आणि आंबेडकरी कामगार परंपरा

कामगार चळवळींचा इतिहास बहुधा पुढाऱ्यांच्या चरित्रांतून लिहिला जातो. सभा कोणी गाजविली, मोर्चाचे नेतृत्व कोणी केले, वाटाघाटीस कोण बसले, याच्या नोंदी राहतात. परंतु ज्याने वर्गणी भरली, सभेला जाण्यासाठी एका दिवसाची मजुरी बुडविली, संघटनेच्या वहीत अंगठा उठविला, त्या सामान्य सभासदाची नोंद इतिहासात क्वचितच आढळते. चळवळ टिकते ती मात्र त्याच्यामुळे. प्रस्तुत लेखात आम्ही वाशी येथील माथाडी कामगारांच्या उदाहरणावरून या सभासदत्वाचा विचार करणार आहोत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घालून दिलेल्या कामगार राजकारणाच्या परंपरेशी त्याचा संबंध काय, आणि त्यातून आपल्या समाजाने काय घ्यावयाचे, हा या लेखाचा विषय आहे.

वाशीची घडण

वाशी हे मूळचे ठाणे खाडीच्या काठचे आगरी-कोळ्यांचे गाव. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली, नवी मुंबईची आखणी झाली आणि १९७३ मध्ये खाडीवरील पहिला पूल वाहतुकीस खुला झाला. मुंबईतील घाऊक बाजार शहराबाहेर न्यावेत, असे शासनाचे धोरण ठरले. त्यानुसार १९८० च्या दशकाच्या आरंभी कांदा-बटाट्याचा, १९९० च्या दशकाच्या आरंभी धान्य व मसाल्याचा आणि १९९६ मध्ये भाजीपाला व फळांचा बाजार वाशी-तुर्भे परिसरात आला. मस्जिद बंदर, दाणाबंदर, भायखळा येथे डोक्या-पाठीवर ओझे वाहणारा कामगारही बाजाराच्या मागोमाग खाडी ओलांडून आला. कोपरखैरणे, घणसोली येथे त्याच्या वसाहती झाल्या.

ज्या जमिनीवर हे शहर उभे राहिले, त्या जमिनीच्या मालकांचा लढाही याच काळातील आहे. शेतकरी कामगार पक्षाचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात जे आंदोलन झाले, त्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत मिळण्याची योजना ही त्या लढ्याची फलश्रुती होय. या लढ्यामागेही गावोगावच्या पक्षसभासदांची दीर्घ परंपरा होती. जुन्या कुलाबा जिल्ह्यात १९३३ ते १९३९ पर्यंत चाललेल्या चरीच्या शेतकरी संपाने ती घडविली होती.

म्हणजे या एकाच भूमीवर दोन नोंदवह्या दिसतात. शेतकऱ्याच्या हक्काचा आधार सातबाऱ्यावरील त्याचे नाव हा होता. ज्याच्याजवळ सातबारा नाही, केवळ खांदा आहे, अशा मजुराच्या हक्काला आधार कोणता? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपणास बाबासाहेबांच्या कार्याकडे वळावे लागते.

ओझे वाहण्याचाही अधिकार नव्हता

मुंबईच्या कापडगिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणखात्यात प्रवेश नसे. धोट्यातील सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि अस्पृश्याच्या तोंडाचा स्पर्श झालेला धोटा सवर्ण कामगारास चालत नसे. विणखात्यातील मजुरी अधिक होती, म्हणजे विटाळाची किंमत अस्पृश्य कामगाराच्या पगारातून वसूल होत होती. १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला, आणि मोठ्या नाखुशीने तो मागण्यांत समाविष्ट झाला.

फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाड येथे रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. त्या परिषदेतील बाबासाहेबांचे भाषण ब्राह्मणशाही व भांडवलशाही या कामगारांच्या दोन शत्रूंविषयीच्या विवेचनामुळे प्रसिद्ध आहे. ब्राह्मणशाही म्हणजे एखाद्या जातीची सत्ता नव्हे, तर स्वातंत्र्य, समता व बंधुता यांचा अभाव, आणि तो सर्व वर्गांत शिरलेला आहे, असा त्यांचा आशय होता. त्याच भाषणातील एक तपशील मात्र फारसा स्मरला जात नाही. रेल्वेत अस्पृश्यास गँगमन म्हणून रुळांवर राबावे लागे. साधा पोर्टर होणेदेखील त्याला दुरापास्त होते, कारण पोर्टरकडून स्टेशन मास्तर घरकाम करवून घेत असे आणि अस्पृश्याचा हात घरातील वस्तूंना लागणे त्याला मान्य नव्हते. श्रमाच्या सर्वांत खालच्या पायरीवरसुद्धा जात आधी जाऊन उभी होती, हे यावरून स्पष्ट होते.

यातून दोन निष्कर्ष निघतात. केवळ वर्गाची संघटना जातीचे दार आपोआप उघडीत नाही. त्याचप्रमाणे केवळ जातीची संघटना मालकाशी मजुरीचा करार करू शकत नाही. १५ ऑगस्ट १९३६ रोजी बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला, तो या दोन्ही निष्कर्षांची सांगड घालण्यासाठी.

स्वतंत्र मजूर पक्षाचा धडा

या पक्षाचे दार सर्व जातींच्या श्रमिकांना खुले होते. अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस, शामराव परुळेकर यांच्यासारखे सवर्ण कार्यकर्ते त्यात होते. १९३७ च्या निवडणुकीत मुंबई प्रांतात पक्षाने उभे केलेले बहुतेक उमेदवार विजयी झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बाबासाहेबांनी खोती नष्ट करणारे विधेयक कायदेमंडळात मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील हजारो शेतकऱ्यांनी कौन्सिल हॉलवर मोर्चा नेला. त्यांत कुणबी, आगरी, महार एकत्र चालले. कायदेमंडळातील विधेयक आणि रस्त्यावरील मोर्चा ही एकाच कार्याची दोन अंगे होत, हे या पक्षाने दाखवून दिले.

नोव्हेंबर १९३८ चा संप हा या पक्षाच्या सभासदशक्तीचा खरा कस होता. औद्योगिक तंटा विधेयकाने कामगारांच्या संप करण्याच्या अधिकारावर बंधने येणार होती. संप म्हणजे आपली सेवा आपल्या अटींवर देण्याचे स्वातंत्र्य, आणि ते हिरावणे म्हणजे माणसास गुलाम करणे, अशी भूमिका बाबासाहेबांनी विधिमंडळात घेतली. ७ नोव्हेंबर रोजी स्वतंत्र मजूर पक्ष व मुंबई प्रांतिक ट्रेड युनियन काँग्रेस यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. समता सैनिक दलाचे स्वयंसेवक गिरणगावात उतरले. कम्युनिस्ट पुढारी व बाबासाहेब एका व्यासपीठावर आले. विधेयक पुढे संमत झाले हे खरे, परंतु मुंबईच्या अस्पृश्य कामगाराने सर्व कामगारांच्या हक्कासाठी संघटितपणे काम थांबविले, ही घटना लहान नव्हे.

पुढे जुलै १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. सरकार, मालक व कामगार या तिघांचे प्रतिनिधी एकत्र बसवून प्रश्न सोडविण्याची पद्धत त्यांच्या कारकिर्दीत दृढ झाली. १९४३ मध्ये त्यांनी कामगार संघांना मान्यता देणे मालकावर बंधनकारक करणारे विधेयक मांडले. कामगाराची संघटना ही मालकाच्या मर्जीची नव्हे, तर कायद्याने मानावयाची वस्तू आहे, हे त्यामागील तत्त्व होते.

१९६९ चा माथाडी कायदा

या तत्त्वाचा एक ठळक आविष्कार स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्रात माथाडी कायद्याच्या रूपाने झाला. गिरणी कामगाराला निदान एक मालक असतो. माथाडी सकाळी एका दुकानाचा माल उतरवितो, दुपारी दुसऱ्याचा चढवितो. मालक कोण, हेच ठरत नसल्यामुळे रजा, बोनस, भविष्यनिर्वाह निधी, अपघाताची भरपाई हे सर्व कायदे त्याच्या डोक्यावरून जात. मजुरीचा हिशेब मुकादमाच्या हाती असे.

अण्णासाहेब पाटील यांनी या कामगारांची संघटना बांधली आणि दीर्घ संघर्षानंतर, वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, १९६९ मध्ये महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम झाला. देशात अशा प्रकारचा हा पहिलाच कायदा मानला जातो. त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. बाजारातील प्रत्येक व्यवसायासाठी मंडळ असते. त्यावर मालक व कामगार यांचे प्रतिनिधी समसमान, आणि शासनाचे प्रतिनिधी एकूण सभासदांच्या एक तृतीयांशाहून अधिक नाहीत. मालकाने नाव नोंदवावयाचे, कामगारानेही नोंदवावयाचे. मालकाने मजुरी आणि तिच्यावरील ठरावीक टक्के लेव्ही मंडळाकडे भरावयाची आणि मंडळाने ती कामगारास द्यावयाची. लेव्हीतून निधी, उपदान, रजा, बोनस, औषधोपचार यांची तरतूद होते. म्हणजे शंभर मालकांचा मजूर एका नोंदवहीमुळे हक्कदार कामगार झाला. केवळ ओझे वाहणेच नव्हे, तर माल मोजणे, भरणे, गोणी शिवणे, निवडणे, साफ करणे ही कामेही कायद्याच्या अनुसूचीत आली.

बाजार वाशीस हलला, तेव्हा या नोंदवहीचे महत्त्व प्रत्ययास आले. बाजाराची जागा बदलली, परंतु कायद्याच्या बळावर कामगाराची नोंद त्याच्याबरोबर गेली. याच नमुन्यावर १९८१ मध्ये खासगी सुरक्षा रक्षकांसाठी कायदा झाला. २०२३ मध्ये माथाडी कायद्यात बदल करणारे विधेयक आले, तेव्हा माथाडी संघटनांनी त्यास कसून विरोध केला. आपल्या नावाची वही दुबळी झाली तर काय होईल, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

टोळीचे दार

या यशाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. माथाडी टोळीने काम करतात. टोळीची मजुरी एकत्र होते आणि वाटून घेतली जाते. त्यात समतेचे एक बीज आहे, यात संशय नाही. परंतु टोळीत नवा माणूस येतो तो पुष्कळदा गावाच्या व नात्याच्या ओळखीने. सातारा, सांगली, पुणे जिल्ह्यांतील गावकी या मार्गाने मुंबईच्या बाजारात आली आणि पुढे वाशीस पोहोचली. कायद्याची नोंदवही जात विचारीत नाही, परंतु तिच्यापर्यंत जाणारी वाट नात्यातून जाते. मनमाडच्या भाषणातील पोर्टरचा प्रश्न येथे वेगळ्या रूपात उभा राहतो.

ज्यांना या वाटेने प्रवेश नव्हता, त्यांतील पुष्कळजण शहराच्या सफाईच्या कामात राहिले. कंत्राटी सफाई कामगारांत बौद्ध व इतर दलितांचे प्रमाण मोठे आहे. त्यांच्याही बाबतीत मालक कोण, हाच पहिला प्रश्न. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने दोन दशके न्यायालयीन व रस्त्यावरील लढा दिला, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने सुमारे २७०० कंत्राटी कामगारांचा कायम होण्याचा हक्क मान्य झाला. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली आणि कचरा वेचणाऱ्या, बहुसंख्य दलित स्त्रियांच्या हाती प्रथमच ओळखपत्र आले. पुण्याच्याच हमाल पंचायतीचे संस्थापक बाबा आढाव यांनी १९७० च्या दशकात ‘एक गाव, एक पाणवठा’ ही मोहीम चालविली. हमालांचा पुढारी गावच्या विहिरीच्या प्रश्नाला हात घालतो, हा प्रसंग बाबासाहेबांच्या दोन शत्रूंच्या सिद्धांताचे प्रात्यक्षिकच होय.

आपल्या राजकारणापुढील प्रश्न

१९४२ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झाले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, आणि हजारो स्त्री-पुरुष तुरुंगात गेले. स्वतंत्र मजूर पक्षाचा वारसा त्या सत्याग्रहांत जिवंत होता. पुढे मात्र पक्ष गटागटांत विभागला. गट फुटतात तेव्हा पुढारी कोणाकडे गेला, याची चर्चा होते. सभासदांची वही कोणाकडे राहिली, हे कोणी विचारीत नाही, कारण बहुतेक वेळा तशी वहीच नसते. निवडणुकीपुरता मतदार आणि जयंतीपुरता वर्गणीदार, एवढाच कार्यकर्त्याचा अर्थ उरला, तर पक्ष हा केवळ नावांच्या पाट्यांचा समूह होतो.

बाबासाहेबांना हे दिसत होते. म्हणूनच जुलै १९५६ मध्ये, प्रकृती ढासळलेली असतानाही, त्यांनी मुंबईत राजकारणात प्रवेश करू इच्छिणाऱ्यांसाठी प्रशिक्षण विद्यालय सुरू केले. विद्यार्थी मोजके होते आणि त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर ते फार काळ चालले नाही. पण सभासद घडवावा लागतो, तो आपोआप मिळत नाही, हा त्यामागील विचार आजही तितकाच खरा आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना त्यांनी भिक्षुसंघाच्या कार्यपद्धतीचा दाखला दिला होता. बसण्याची व्यवस्था, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी यांचे नियम संघात होते, हे त्यांनी सांगितले. कोण संघाचा आणि कोण नव्हे, किती उपस्थित आणि किती अनुपस्थित, याची शिस्त असल्याखेरीज गणपूर्तीला अर्थ नाही. लोकशाहीचा आरंभ अशा मोजदादीत आहे.

वाशीच्या बाजारपेठेपासून आपण घ्यावयाचा धडा हाच आहे. माथाडींनी नोंदवही मिळविली, परंतु तिची वाट सर्वांना सारखी खुली झाली नाही. आपल्याजवळ सर्वांना वाट खुली करणारा विचार आहे, परंतु नोंदवही नाही. सफाई कामगार, घरकामगार स्त्रिया, सुरक्षा रक्षक, सामान पोहोचविणारे तरुण यांच्यात आपल्या समाजाची माणसे मोठ्या संख्येने आहेत. वस्तीतील प्रत्येक विहाराने आपल्या परिसरातील अशा श्रमिकांची यादी करावी. कोणत्या मंडळात त्यांची नोंद होऊ शकते, ते शोधावे. त्यांना संघटनेचे सभासद करून वर्गणीची पावती द्यावी आणि जमाखर्च दरवर्षी सर्वांसमोर वाचावा. हे काम गाजावाजाचे नाही. पण १९३८ च्या नोव्हेंबरात मुंबईत जे घडले, ते असेच काम आधी चाळीचाळींतून झाले होते म्हणून घडले.