आरेखन, चित्रीय तांत्रिक

यंत्रभाग, इमारत इ. घन वस्तूंची लांबी, रुंदी व उंची ही तिन्ही परिमाणे एकाच आकृतीत दर्शविणाऱ्या आरेखनास चित्रीय तांत्रिक आरेखन म्हणतात. सममितीय किंवा आयसोमेट्रिक, तिर्यक् आणि यथार्थदर्शी हे त्याचे प्रमुख प्रकार होत. लंब प्रक्षेपात वस्तूची समोरील, वरील व बाजूची दृश्ये स्वतंत्रपणे काढतात. त्यांवरून मापे अचूक मिळतात; परंतु वस्तूचा आकार वाचणाऱ्याला मनात जुळवावा लागतो. चित्रीय आरेखनात तो एकदम दिसतो.

लंब प्रक्षेपांना शास्त्रीय बैठक देणारी वर्णनात्मक भूमिती फ्रेंच गणितज्ञ गास्पार माँझ यांनी पॅरिस येथील १७९५ मधील व्याख्यानांतून मांडली. केंब्रिज येथील प्राध्यापक विल्यम फॅरिश यांनी १८२२ मध्ये सममितीय पद्धतीचे विवेचन प्रसिद्ध केले. त्यांच्या व्याख्यानांसाठी यंत्रांच्या प्रतिकृती सुट्या भागांतून पुनःपुन्हा जोडाव्या लागत. ते काम करणाऱ्या साहाय्यकास सहज कळेल असे चित्र त्यांना हवे होते.

महाराष्ट्रात पुण्याचे अभियांत्रिकी विद्यालय (१८५४) व मुंबईची व्हिक्टोरिया जुबिली तंत्रसंस्था (१८८७) यांसारख्या संस्थांमुळे तांत्रिक शिक्षणाचा पाया घातला गेला. रस्ते, लोहमार्ग व पूल यांच्या कामांना आरेखन जाणणारी माणसे लागत. नाशिक जिल्ह्याच्या नांदगाव तालुक्यात मनमाड येथे रेल्वेचा अभियांत्रिकी कारखाना असून तेथे पुलांच्या पोलादी तुळया तयार होतात. देशात १९५० मध्ये सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेमुळे आरेखकाचे शिक्षण औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून मिळू लागले. फलक, टी-पट्टी, गुण्या व कंपास ही त्याची साधने होती. विद्यार्थी प्रथम वस्तूला सामावणारी पेटी ३०° च्या रेषांनी काढून नंतर तीतून नको असलेला भाग वगळीत असे. वर्तुळाच्या जागी लंबवर्तुळ काढावे लागे.

अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी १९६३ मध्ये ‘स्केचपॅड’ ही संगणकीय आरेखनप्रणाली सादर केली. १९८२ मध्ये आलेल्या ‘ऑटोकॅड’मुळे असे आरेखन लहान संगणकांवर शक्य झाले. संगणकावर चित्रीय आरेखन दोन प्रकारे होते. सममितीय जाळीवर काढलेली आकृती घन भासली, तरी ती सपाटच असते. ती फिरवून दुसरी बाजू पाहता येत नाही. घन प्रतिमान रचल्यास मात्र त्यावरून सर्व दृश्ये मिळतात. पूर्वी दृश्यांवरून चित्र काढीत. येथे हा क्रम उलटतो. मापांतही भेद पडतो. जाळीवर अक्षांच्या दिशेने पूर्ण लांबी घेतात. घन प्रतिमानाच्या सममितीय प्रक्षेपात ती सु. ०·८१६ पट होते. त्यामुळे पूर्णाकारी आरेखनात १०० मिमी. ची कड सु. ८१·६ मिमी. भरते. हा भेद न कळल्यास विद्यार्थी चित्रावर पट्टी ठेवून चुकीचे माप घेण्याचा संभव असतो.

संगणकाने रेषा आखण्याचे श्रम वाचविले, परंतु आकार मनात उभा करण्याची गरज नाहीशी केली नाही. तुळईच्या पट्टीवरील एक छिद्र आरेखनात चुकीच्या जागी पडले, तर जोडणीच्या वेळी भाग जुळत नाहीत. आणि चुकीच्या मापाचे चित्रही संगणक तितकेच सुबक काढतो. ती चूक नजरेस येण्यासाठी दृश्ये वाचण्याचा सराव लागतो. म्हणूनच आरेखकाच्या अभ्यासक्रमात संगणकीय आरेखनाबरोबर हस्तारेखनही शिकवितात.