तळपायांना आठवणारी लॉज

औषधांच्या फिरतीवर माझी तीस वर्षं गेली. खोलीत शिरलं की मी आधी बूट-मोजे काढतो आणि फरशीवर अनवाणी उभा राहतो. खोली कशी आहे, ते तळपायांना लगेच कळतं.

जुन्या लॉजमध्ये शहाबादी असायची. कर्नाटकातल्या शहाबादचा हा करडा चुनखडी दगड. मे महिन्यात सोलापुरात पंख्याखाली, नुसत्या सतरंजीवर झोपलोय. पाठ अशी निवायची! डिसेंबरात मात्र तीच फरशी पायांना चावायची.

मुंबईत रंगीत नक्षीच्या सिमेंट टाइल्स. आधी अशा फरश्या विलायतेहून येत. 1922 मध्ये फिरोजशा सिधवा यांनी स्वदेशीच्या भावनेतून भारत टाइल्स ही कंपनी काढली. ही टाइल भट्टीत जात नाही. धातूच्या साच्यात रंगीत सिमेंट ओतायचं, त्यावर कोरडा माल भरायचा, प्रेसखाली दाबायचं आणि मग पाण्यात मुरू द्यायचं. रंगाचा थर काही मिलिमीटर जाड, म्हणून पिढ्यानपिढ्या पाय घासले तरी नक्षी पुसत नाही. गिरगावातल्या एका लॉजमध्ये जिन्याजवळची टाइल किंचित खोलगट झाली होती, पण तिच्यावरचं तांबडं फूल शाबूत.

पुढे मोझॅक आलं, मग आरशासारखी व्हिट्रिफाइड. अशाच एका नव्या हॉटेलात ओल्या पायानं घसरून माझं मनगट मोडलं. तेव्हापासून बाथरूमची फरशी गुळगुळीत दिसली की मी काउंटरवर जाऊन आधी जाडसर पायपुसणं मागून घेतो.