लाडू, समोसा आणि सिंघम

आज लढाईचा इतिहास नाही, मुलांच्या टीव्हीचा आहे. पण फौजेतलं एक सूत्र इथेही लागू पडतं: यश मिळतंय तिथेच कुमक पाठवा. कार्टून चॅनेलवाले ते आमच्यापेक्षा कडक पाळतात.

1995 मध्ये कार्टून नेटवर्क भारतात आलं तेव्हा बहुतेक माल परदेशी होता. पुढे जपानी मालिका हिंदी आवाजात आल्या. डबिंग स्वस्त, स्वतःचं अ‍ॅनिमेशन महाग. ती जोखीम हैदराबादच्या ग्रीन गोल्डने घेतली आणि 2008 मध्ये पोगोवर ‘छोटा भीम’ आला. ढोलकपूरचा पोरगा, लाडू खाल्ला की अंगात बळ. (पालक खाणारा पॉपाय आठवला ना?)

मग रांगच लागली. त्याच कंपनीचा ‘माइटी राजू’ 2011 मध्ये. 2012 मध्ये निकवर ‘मोटू पतलू’. ही जोडी ‘लोटपोट’ या हिंदी कॉमिकमधली जुनीच, पण टीव्हीवर लाडवाच्या जागी समोसा बसला. 2015 मध्ये सायकलवाला ‘शिवा’, 2018 मध्ये जादूवाला ‘रुद्र’ आणि त्याच वर्षी ‘लिटिल सिंघम’. याची वंशावळ तर बघा. 2010 चा तमिळ ‘सिंगम’, त्यावरून 2011 चा हिंदी ‘सिंघम’, ज्याचा नायक बाजीराव आपला मराठी गडी, आणि त्याचं हे बालरूप. म्हणजे नकलेची नक्कल.

नकलेला माझी हरकत नाही. 2006 ची ‘गली गली सिम सिम’ही अमेरिकेच्या ‘सेसमी स्ट्रीट’वरूनच आली, रीतसर परवान्याने. पण तिथे इथल्या मुलांना काय हवंय याचा विचार झाला आणि त्यातून चमकी जन्मली, शाळेच्या गणवेशातली, शाळा आवडणारी मुलगी.

भीमानंतरच्यांनी मात्र साचाच उचलला, आणि साच्यात मुलगाच होता. राजू, शिवा, रुद्र, सिंघम, सगळे मुलगेच. ढोलकपुरात चुटकी आहे, धीटही आहे, पण मालिकेला नाव भीमाचं. एकाच मोर्चावर सगळी फौज ओतली की टेहळणीला माणूस उरत नाही, तसं झालं.

आमच्या घरी दोन भीम आहेत, नातू आणि नात. चुटकी व्हायला दोघंही तयार नाहीत, त्यामुळे ती कामगिरी सध्या माझ्याकडे आहे.