अळीची चव : एका प्रश्नाचा इतिहास



अनगोळच्या शिवारात वाढलेल्या माणसाला अळीची ओळख करून द्यावी लागत नाही. कोबीचा गड्डा उलगडताना ती भेटते. निपाणीकडे तंबाखूचे पान उलटले की तिथेही भेटते. शेतकऱ्याला ती केवळ शत्रू. परंतु ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते आम्हांस विचारीत, "अळी हेच पान का खाते?" त्या वेळी मला उत्तर आले नाही. आज त्या प्रश्नाचा इतिहास आपल्यापुढे मांडतो.

१९१० साली ॲमस्टरडॅमच्या फेरशाफेल्ट या वनस्पतिशास्त्रज्ञाने कोबीवरील फुलपाखराच्या अळ्या घेतल्या. ज्या पानांना त्या तोंड लावीत नसत, त्यांवर त्याने मोहरीच्या कुळातील वनस्पतीचा रस लावला. अळ्या ती पाने खाऊ लागल्या. मोहरीला तिखटपणा देणारे द्रव्यच त्यांना आपले अन्न ओळखण्याची खूण होते. पुढे १९५९ साली फ्रेंकेल यांनी याचा व्यापक अर्थ मांडला : अशी द्रव्ये हे वनस्पतीचे संरक्षक शस्त्र होय, मात्र ज्या किड्याने ते पचविले, त्याला तेच आमंत्रण ठरते.

मग ही चव घेते कोण? अळीच्या जबड्यामागे दोन्ही बाजूंस चिमुकले अवयव असतात. प्रत्येकावर चवीच्या दोन सूक्ष्म खुंट्या आणि प्रत्येक खुंटीत चवीच्या चार पेशी. म्हणजे ज्या प्रमुख पेशींच्या साक्षीवर अळीचा निवाडा होतो, त्या अवघ्या १६! मुखाच्या आत व शेजारच्या स्पर्शिकांवर आणखी काही पेशी साहाय्यास असतात. जपानचे इशिकावा यांनी १९६३ साली रेशीमकिड्याच्या खुंटीतील विद्युत्स्पंद टिपले, तेव्हा साखरेने जागी होणारी पेशी निराळी आणि कडू द्रव्याने जागी होणारी निराळी, असे दिसून आले. नेदरलँड्समध्ये स्खूनहोव्हेन यांनी हे काम अनेक जातींच्या अळ्यांवर पुढे नेले. हे स्पंद मज्जातंतूंवाटे अन्ननलिकेखालील मज्जागंडात पोहोचतात. तेथे 'खा' आणि 'खाऊ नको' या दोन्ही पक्षांचा हिशेब होतो आणि जबडा चालतो किंवा थांबतो.

या हिशेबात नकाराचे वजन किती मोठे, हे १९६१ साली अमेरिकेत दिसले. वाल्डबाउर व फ्रेंकेल यांनी तिकडील तंबाखूवरील अळीचे हे अवयव काढून टाकले. तेव्हा एरवी नाकारलेल्या वनस्पतीही ती खाऊ लागली. २०१९ साली चिनी संशोधकांनी रेशीमकिड्यातील कडू चवीशी निगडित एकच जनुक निकामी केले, तर तुतीचा तो एकनिष्ठ उपासक सफरचंद आणि मकाही खाऊ लागला. अळीची निष्ठा आवडीइतकीच नावडीवरही उभी असते, असा याचा अर्थ.

आपल्या घरातील बायामाणसांनी धान्याच्या कणगीत कडुनिंबाचा पाला घातला, तो याच नावडीच्या भरवशावर. १९६२ साली दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील प्रधान व त्यांच्या सहकाऱ्यांनी निंबोळीच्या गराचे पाणी फवारलेल्या पिकाला टोळ तोंड लावीत नाहीत, हे दाखविले. १९६८ साली इंग्लंडमध्ये त्यातील ॲझाडिरॅक्टिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. शुद्ध द्रव्य हाती आले, म्हणजे काम फत्ते, असे कोणालाही वाटले असते.

परंतु अळी एवढी भोळी नाही. १९९६ साली कॅनडातील बॉमफोर्ड व इस्मन यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यातील अळी होती स्पोडोप्टेरा लिट्युरा, म्हणजे आपल्याकडे तंबाखूची पाने चाळणीसारखी करणारी तीच. शुद्ध ॲझाडिरॅक्टिन वारंवार दिले, तेव्हा ती त्याला सरावली. तेवढेच ॲझाडिरॅक्टिन असलेला निंबोळीचा संपूर्ण अर्क दिला, तेव्हा मात्र सरावली नाही. अनेक कडू द्रव्यांचे मिश्रण पचनी पाडणे तिला जमले नाही.

मित्रहो, ज्या शेतकऱ्याच्या हाती विषाचा पंप आहे, त्याच्या आरोग्याशी व कर्जाशी या १६ पेशींचा संबंध आहे. फवारणी पूर्णपणे टळेल, असे मी म्हणत नाही. पण शत्रूची जीभ ओळखली, तर प्रत्येक वेळी त्याचा जीव घेण्याची गरज उरत नाही. गुरुजींच्या प्रश्नाचे मला उमगलेले उत्तर इतकेच. ते त्यांच्या स्मृतीस अर्पण करून मी आपली रजा घेतो.